एकतीस रविवार

घरात आलेलं पाकीट हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने फोडायचं असतं, अशी पुरुषोत्तम कानिटकरांची, म्हणजे नानांची, पक्की समजूत होती. ऑकलंडला मुलाकडे येऊन दोन वर्षं झाली तरी ती समजूत बदललेली नव्हती. नातीने, इरावतीने, एकदोनदा "आजोबा, दॅट्स नॉट युअर मेल," असं म्हणून पाहिलं होतं. "मेल कुणाचंही असो, कात्री माझी आहे," असं म्हणून नानांनी तो विषय मिटवला होता. त्यामुळे त्या गुरुवारी मुलाच्या, यशोधनच्या, नावाचं बँकेचं जाड पाकीट आलं, तेव्हा ते नानांनी रीतसर कात्रीने कापलं आणि चष्मा लावून वाचायला घेतलं.

नाना सांगलीच्या एका बँकेत पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बँकेचा कागद म्हटला की ते आधी मजकूर सोडून आकडे वाचत. पत्रात लिहिलं होतं की काही वकिलांनी हजारो खातेदारांच्या वतीने बँकेवर एकत्रित दावा लावला होता. खात्यात पैसे नसताना काढले, म्हणून बँकेने प्रत्येक वेळी कापलेले पंधरा डॉलर ही अवाच्या सवा रक्कम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बँकेने तडजोड केली होती आणि सोबतच्या फॉर्मवर सही करून तो पाठवला, की बरेचसे पैसे परत मिळणार होते. दुसरा कुणी असता तर त्याने देवापुढे साखर ठेवली असती. नानांची नजर मात्र सोबतच्या यादीवर खिळली. त्यांच्या मुलाचं खातं दोन वर्षांत एकतीस वेळा शून्याच्या खाली गेलं होतं.

कानिटकरांच्या घराण्यात कुणाचं खातं शून्यालासुद्धा टेकलेलं नव्हतं. नानांनी यादीतल्या तारखा सँडरिंगहॅमच्या वाण्याने फुकट दिलेल्या दोन्ही वर्षांच्या कॅलेंडरांवर ताडून पाहिल्या. एकतीसच्या एकतीस तारखा रविवारच्या निघाल्या. आठवडाभर नीट वागणारा मुलगा रविवारीच पैसे उडवतो, याचा अर्थ त्याला कसलातरी नाद लागला आहे, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्यांनी बायकोला, वसुंधराबाईंना, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं. "त्यालाच विचारा की सरळ," त्या म्हणाल्या. पण नाना काही काळ बँकेच्या तपासणी विभागातही होते. चौकशी पुरी होईपर्यंत संशयिताला काही कळू द्यायचं नाही, हा त्या विभागाचा पहिला नियम होता.

गुप्तता मात्र नानांना एकट्याला झेपेना. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला, लेकीकडे राहणाऱ्या आपल्या मित्राला, बाळासाहेबांना, फोन केला आणि "एका ओळखीच्या मुलाचं सांगतो" अशी सुरुवात केली. बाळासाहेबांनी तिसऱ्याच वाक्याला ओळखीचा मुलगा कोण ते ओळखलं. इथे जुगाराच्या यंत्रांपायी सोन्यासारखी घरं धुळीला मिळतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. आमच्या राजश्रीच्या घरी असलं काही खपवून घेत नाहीत, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. नानांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवार उजाडला. दर रविवारी यशोधन आईवडिलांना अवोन्डेलच्या बाजारात घेऊन जाई. हा बाजार म्हणजे नानांचा आठवड्याचा सण. ते तिथल्या एटीएम यंत्रातून चाळीस डॉलर काढत, कारण भाजीवाले कार्ड घेत नसत, आणि मग तास दीड तास सगळ्या बाजाराशी घासाघीस करत. भाषेची अडचण त्यांना कधी आली नाही. जुडी उचलायची, भाव ऐकायचा, जुडी खाली ठेवायची आणि चालू लागायचं, एवढं व्याकरण जगभर चालतं. टोंगा बेटांवरच्या भाजीवाल्या टोंगन बायका त्यांना लांबून येताना पाहिलं की हसत आणि आपणहून पन्नास सेंट उतरवत. यशोधन मात्र गाडीतच बसून राही.

तो गाडीत बसून काय करतो, हाच आज तपासाचा मुद्दा होता. नानांनी वसुंधराबाईंना पिशव्या देऊन पुढे पाठवलं आणि स्वतः तारोच्या, म्हणजे अळूच्या, कंदांच्या ढिगाआड उभे राहिले. मुलगा आता फोन काढेल, कुणीतरी भेटायला येईल, पैसे हातोहात जातील, म्हणून त्यांनी डोळ्यात तेल घालून वीस मिनिटं पाहिलं. यशोधन तोंड उघडं टाकून झोपला होता. एक माशी त्याच्या नाकावर बसली, तीही त्याने उडवली नाही. किती दमलेला दिसत होता तो. नानांना, खरं सांगायचं तर, तपास फसल्याची थोडी निराशाही झाली.

मग ते नेहमीप्रमाणे यंत्रापाशी गेले. यशोधनने त्यांना स्वतःच्याच खात्याचं कार्ड दिलं होतं आणि हे खातं तुमचंच समजा, म्हणून सांगितलं होतं. पावती हवी का, असं यंत्र विचारी तेव्हा नाना आजवर 'नको' दाबत आले होते. पावतीचे पैसे पडत असणार, असा त्यांचा कयास होता आणि मुलाचे पैसे वाचवायचे होते. आज चौकशी चालू असल्याने त्यांनी 'हो' दाबलं. यंत्राने चाळीस डॉलर दिले आणि मागून एक चिठोरं बाहेर टाकलं. शिल्लक होती उणे एकतीस डॉलर.

पस्तीस वर्षांच्या बँकरला पुढचं कुणी समजावून सांगायला नको होतं. घराचा हप्ता शुक्रवारी कापला जात होता आणि पगार बुधवारी होत होता. मधल्या रविवारी खात्यात खडखडाट असताना नाना टेचात चाळीस डॉलर काढत होते. त्यांच्या बँकेत शिल्लक नसली तर माणसाला खिडकीवरूनच परत पाठवत. ही बँक हसतमुखाने पैसे देत होती आणि मागाहून दंड लावत होती. कोथिंबिरीमागे पन्नास सेंट वाचवायला नाना पंधरा डॉलर मोजत होते. त्यांनी त्या दिवशी कोथिंबीर सांगितल्या भावाला घेतली, तेव्हा टोंगन बाईने काळजीने विचारलं, "यू ओके, पापा?"

घरी आले तर दारात राजश्रीची गाडी उभी होती. बाळासाहेबांची ही लेक दहा किलो तांदूळ, पाच किलो तूरडाळ आणि तेलाचा डबा घेऊन आली होती. समोर सून ऋचा गोंधळून उभी होती.

"ऋचा, संकोच करू नकोस," राजश्री सांगत होती. "असं हीप्स ऑफ लोकांचं होतं, कितीतरी जणांचं. यशोधनसाठी एक चांगले काउन्सेलर आहेत, नंबर आणलाय."

"कसले काउन्सेलर?" यशोधनने गाडीची किल्ली हातात धरून विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. नानांनी खिशातून ती यादी काढून टेबलावर ठेवली, तिच्यावर पावती ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी ते म्हणाले, "जुगार वगैरे काही नाही. गुन्हेगार मीच आहे."

पहिल्यांदा राजश्री हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाना, हेच पत्र आम्हालाही आलंय, आमच्या यादीत बावीस आहेत," ती म्हणाली. "बाबांना तेवढं सांगू नका." तांदूळ परत न्यायला तिने साफ नकार दिला आणि ती निघून गेली.

यशोधन यादी न वाचताच बाजूला सारत म्हणाला, "मला माहीत होतं, नाना. दुसऱ्या महिन्यातच कळलं. दर शनिवारी दुसऱ्या खात्यातून पैसे टाकून ठेवायचं ठरवायचो. कधी आठवायचं, कधी राहून जायचं."

"मग मला सांगायचं नाही?"

यशोधनने किल्ली टेबलावर ठेवली. "बाजारातून गाडीत बसलात की तुम्ही हिशोब सांगता. वांगी एक डॉलरने पाडली, कोथिंबीर पन्नास सेंटने. तेव्हा तुम्ही सांगलीला बँकेतून घरी यायचात तसे दिसता. इथे आल्यापासून फक्त रविवारी तसे दिसता. ते कसं बंद करू?"

मुलावर आपला फार जीव आहे, हे नानांनी आयुष्यात कधी तोंडाने सांगितलं नव्हतं आणि आताही जमेना. अशा वेळी ते नेहमी नियमाचा आधार घेत. घसा खाकरून ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण या फॉर्मवर सही करू नकोस. शिल्लक नसताना पैसे काढले तर दंड बसायचाच. त्यात बँकेचं काही चुकलेलं नाही."

"नाही कसं?" वसुंधराबाई म्हणाल्या. त्या एवढा वेळ खाली बसून गवार मोडत होत्या. "आपल्या पहिल्या दिवाळसणाला माझ्या बाबांनी तुम्हाला एकशे एक रुपयांचा चेक दिला होता. आठवतो?"

नानांना आठवत होता. सासऱ्यांचं खातं त्यांच्याच शाखेत होतं.

"बाबांचा शाळेतला पगार त्या महिन्यात चार दिवस लांबला. तुम्ही तो चेक भरलात, तुम्हीच परत केलात, आणि वर बाबांच्या खात्यातून तीन रुपये कापलेत. पासबुकात तुमची सही आहे. बाबांनी उसनवार करून रोख आणून दिले आणि जावयाबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. मला ते पासबुक त्यांच्या माघारी सापडलं."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बाबा बोलले नाहीत, मी कशी बोलणार?"

ऋचाने तांदळाच्या पिशवीकडे बघत हसू दाबलं. नानांनी बँकेचा फॉर्म उचलून यशोधनपुढे ठेवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. मग इरावतीच्या वहीतून एक कोरा कागद मागून घेतला, चष्मा पुसला आणि जुन्या सवयीच्या वळणदार अक्षरात लिहायला सुरुवात केली. कै. सासऱ्यांच्या खात्यातून कापलेले रुपये तीन फक्त, तेव्हापासूनचं चक्रवाढ व्याज, आणि खाली, कुणी मागितली नसतानाही, दिलगिरीच्या दोन ओळी. कागद पुरा झाल्यावर त्यांनी तो वसुंधराबाईंपुढे धरला आणि वारस म्हणून सही करायला सांगितलं.

वसुंधराबाईंनी हात पदराला पुसले, पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"आधी सगळं मोठ्याने वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "जावईबापूंच्या कागदावर न वाचता सही करू नये, असं बाबा आज असते तर म्हणाले असते."