साडेपंधरा इंच, ड्रॉइंगप्रमाणे

आमच्या शेजारचे हरेश्वरभाऊ मिनी स्कर्टची दुमड व्हर्निअर कॅलिपरनं मोजतात. हे अवजार लोखंडी दांड्याची जाडी केसाच्याही फरकानं मोजण्यासाठी असतं. भाऊ बोईसरच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते. आता वय एकाहत्तर, अंगात बाह्यांचा बनियन, डोळ्यांवर कारखान्यातला सुरक्षा चष्मा, आणि समोर मशीनवर पन्नास वर्षांपूर्वीच्या फॅशनचा मिनी स्कर्ट.

मी सोसायटीची सचिव असल्यामुळे माझ्याकडे तक्रारींची वही असते. ओल, पार्किंग, पाण्याची वेळ, कुत्रा या नेहमीच्या नोंदींखाली दोन वर्षांपूर्वी एक नवी तक्रार आली: 'तिसऱ्या मजल्यावर दोरीवर आखूड कपडे वाळत असतात.' तक्रारदार समोरच्या इमारतीकडे तोंड करून बसणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका. तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाडं दोन. एक आमचं. माझ्या घरात आखूड म्हणावं असं पायपुसणं सोडून काही नाही. म्हणून भाऊंची बेल वाजवली.

"आखूड नाय, वहिनी," भाऊ शांतपणे म्हणाले. "साडेपंधरा इंच हाय. ड्रॉइंगप्रमाणे."

ड्रॉइंग म्हणजे कपडा बेतायचा कागदी नमुना. पिवळट, कांद्याच्या सालीसारखा पातळ परदेशी कागद, त्यावर छापलेल्या रेघा, बाण, आकडे. ज्या पाकिटातून तो निघाला त्यावर तीन गोऱ्या मुली गुडघ्यांच्या बऱ्याच वर संपणारे स्कर्ट घालून कुठल्यातरी दूरच्या बसची वाट बघत उभ्या. भाऊंनी नमुन्याला प्लास्टिकचं आवरण घालून तो भिंतीवर लावला होता. शेजारी गणपती. दोघांनाही रोज फडकं मारलं जायचं.

भाऊंच्या शिवणकामाचे नियम कारखान्याचे होते. सुई बदलायची असली की आधी मशीनच्या बटणावर लाल पाटी लागायची: 'काम चालू आहे, स्विच लावू नये.' घरात ते एकटेच. स्विच लावणार कोण, असं मी एकदा विचारलं. "सुई बारीक हाय म्हणून अपघात बारीक होत नाय," असं उत्तर मिळालं. तयार झालेल्या प्रत्येक स्कर्टला चिठ्ठी टाचलेली असे: तारीख, शिवणारा, तपासणारा. दोन्हीकडे सही त्यांचीच. तपासणारे भाऊ शिवणाऱ्या भाऊंना बरेचदा नापास करत.

हे सगळे स्कर्ट 'ट्रायल' होते. ट्रायलसाठी त्यांनी आधी पडदे संपवले, मग चादरी. मग एवढ्या वर्षांत सत्काराला मिळालेल्या शाली काढल्या. जरीच्या काठाची लाल शाल, मध्ये कुणा संस्थेचं नाव, आणि तिचा मिनी स्कर्ट. मी म्हटलं, "भाऊ, सत्काराची शाल अशी कापायची?"

"मंग तुमच्याकडच्या कशात हायत?"

माझ्याकडच्या तीन शाली माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या आहेत. घरातल्या सामानाच्या माझ्या यादीत तशी नोंद आहे. मी विषय बदलला.

खरं कापड कपाटात होतं. नारिंगी आणि तपकिरी, बशीएवढाल्या फुलांचं, दीड वार. असं कापड आता बोईसरला नाही, पालघरच्या बाजारातही नाही. त्यातून एकच स्कर्ट होणार होता, त्यामुळे कात्री एकदाच चालणार होती. चुकली तर संपलं. हे कापड भाऊ कधी कापतात, याकडे निम्मी इमारत डोळे लावून होती. काकासुद्धा.

तळमजल्यावरच्या ऋतुजाला, म्हणजे पालघरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, त्यांनी एक ट्रायल भेट दिला. तिनं तो लेगिंगवर घातला आणि दाखवायला वर आली. भाऊंनी तिला दारातच फिरून दाखवायला लावलं, टिपा तपासल्या, आणि म्हणाले, "बरा हाय. पण आतली ती विजार ड्रॉइंगमध्ये नाय."

"भाऊ, आई घराबाहेर नाही सोडणार मला."

"आईला सांग, ड्रॉइंग बघायला ये."

आई ड्रॉइंग बघायला आली नाही.

मी स्वभावानं निकाल लावणारी बाई आहे. कुठलंही काम दोन वर्षं 'चालू' राहिलेलं मला बघवत नाही. गेल्या महिन्यात मी सरळ विचारलं, "ट्रायल एकोणीस झाले. आता कापा की ते कापड. अडलंय कुठं?"

"एक माप बाकी हाय."

त्यांनी पाकीट काढून उलटं केलं. मागं पेन्सिलीनं, गोल अक्षरात लिहिलं होतं: लांबी साडेपंधरा. सीट पस्तीस. कंबर. कंबरेपुढं काही नव्हतं.

अक्षर मी ओळखलं. आम्ही दोघी मिळून सांडगे घालायचो तेव्हा डब्यांवरच्या चिठ्ठ्या याच अक्षरात असत. सुमनवहिनी, भाऊंची बायको. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. लग्नाआधी माहीमला त्या शिवणक्लासला जायच्या. क्लासच्या बाईंनी पाकीट आणि कापड त्यांना दिलं होतं. त्या गेल्यावर पेटी आवरताना भाऊंना ते सापडलं. मिनी स्कर्ट कुणाच्या मापाचा, हे दोन वर्षांत मी विचारलं नव्हतं. माझ्या याद्यांत असे प्रश्न कसे सुटतात कोण जाणे.

पण माप बाकी आहे म्हटल्यावर मला जोर आला. मी त्याच दुपारी कामाला लागले. सुमनवहिनींचे ब्लाऊज शिवणाऱ्या शिंप्याची वही पाहिली. छाती, बाही, गळा, पाठ, कंबर नाही. लग्नाचे फोटो पाहिले. शालू, त्यावर शेला, त्यावर हार. आत माणूस आहे एवढंच कळत होतं. शेवटी माहीमला त्यांच्या बहिणीला फोन लावला आणि आवाज भाऊंनाही ऐकू येईल असा ठेवला.

"कंबर?" बहीण म्हणाली. "आमच्यात कंबर कोण मोजतंय? बारीक होती, तसं लिवा."

"बारीक म्हंजे किती इंच?" भाऊंनी ओरडून विचारलं.

"भावोजी, चाळीस वर्सं तुमच्या घरात होती. तुमी मला विचारता?"

फोन ठेवल्यावर भाऊ मशीनच्या पट्ट्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "तिनं एकदाच सांगितलेलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हे पाकीट घेऊन उभी. म्हणाली, टेप जरा मागून धरा, माझं मलाच जमत नाय. मी डबा घेऊन दारात. म्हटलं, शिफ्टची गाडी जाईल."

"मग?"

"मंग काय. गाडी मिळाली."

असलं काही ऐकलं की मी चिडते. मी म्हटलं, "जन्मभर साडी नेसणाऱ्या बाईचं कमरेचं माप मिळणारच नाही, भाऊ. परकराला कुठं माप असतं? नाडी ओढायची, गाठ मारायची, झालं."

भाऊंनी वर पाहिलं.

"नाडी शेवटी मीच बांधायचो," ते म्हणाले.

सुमनवहिनींच्या आजारपणातले शेवटचे चार महिने मला आठवत होते. मी डबा द्यायचे, औषधांच्या वेळा लिहून दारामागं लावल्या होत्या. पण सकाळी त्यांना साडी कोण नेसवतं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. त्या मात्र रोज नीटनेटक्या नेसलेल्या असायच्या. निऱ्या तर इतक्या सारख्या, की मीच म्हणायचे, आजारातही काय टापटीप आहे बाई.

भाऊ आत जाऊन एक पांढरा परकर घेऊन आले. धुतलेला, चौकोनी घडीचा. त्यांनी तो हवेत, कुणीतरी समोर उभं असल्यासारखा, धरला. "नाडी लांब व्हायची तिला," ते म्हणाले. "गाठ मारली की उरलेली टोकं लोंबायची. पायात येतील म्हणून मी ती तळव्याला गुंडाळून आत खोचायचो. आधी एक वेढा व्हायचा. मंग दीड. शेवटी दोन."

बोलता बोलता त्यांनी डोळे मिटले होते. माप काढायचं म्हणून आता दोन्ही टोकं आधीच तळहाताला गुंडाळली, एक वेढा, दोन वेढे, आणि जिथं नाडी उरली तिथं न बघता गाठ मारली. गाठ सैल होती. घट्ट मारली तर तिला दुखायचं, असं ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. टेप मी लावला. गाठीपर्यंत नाडीचा घेर साडेसव्वीस इंच भरला.

माझ्यातली सचिव अजून जागी होती. मी म्हटलं, "पण भाऊ, हे शेवटच्या दिवसांतलं माप. पाकिटावर हवं ते तर लग्नाच्या वेळचं."

"एकच हाय," भाऊ म्हणाले. "शेवटी ती परत तेवढीच झालेली. दोन वेढे झाले त्या दिवशीच हाताला कळलं, लग्नातली कंबर हीच."

त्यांनी पाकिटावर पेन्सिलीनं साडेसव्वीस लिहिलं. गोल अक्षरांशेजारी त्यांचे आकडे फारच ताठ दिसत होते. मग कपाटातून नारिंगी कापड काढलं, टेबलावर अंथरलं, त्यावर कागद ठेवला आणि टाचण्या लावायला घेतल्या. टाचण्यांची डबी मी धरून उभी होते. शेवटची टाचणी लागल्यावर त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली आणि कात्री उचलली.

मी गॅलरीकडे तोंड करून उभी राहिले. मागं कात्री चालल्याचा आवाज येत होता, सावकाश, एका लयीत. मध्येच तो थांबला. मी वळले नाही. काही वेळानं तो पुन्हा सुरू झाला.