उंचीने खाल्लेले अठ्ठावीस

जिपार समोवारापुढे बसल्या बसल्या झोपली आणि चहाची धार पियाल्यात पडायच्या ऐवजी सासऱ्याच्या गुडघ्यावर पडली. तुर्दुबायने लोकरीचा पायजमा घातला होता म्हणून गुडघा वाचला. त्याने ओरडायला तोंड उघडलं, पण सुनेचा पांढराफटक चेहरा बघून मिटलं.

"पोर दमलीय," तो म्हणाला.

"दमायला केलंय काय तिने?" त्याची बायको बुर्माकान कडाडली. "सहा याकांच्या धारा काढल्या, पाणी आणलं, गोवऱ्या रचल्या, रोट्या भाजल्या. एवढंच ना? अन् पोटात पाच महिन्यांचं पोर. ते काय हिलाच पहिल्यांदा झालंय?"

पामीरच्या डोंगरांतल्या त्या उंच गावात पुरुषाच्या थकव्याला दमणं म्हणत, म्हाताऱ्याच्या थकव्याला वय म्हणत, याकाच्या थकव्याला तर अगदी कळवळून दुखणं म्हणत. सुनेच्या थकव्याला मात्र एकच नाव होतं: आळस. आणि बुर्माकानला तो आळस आता कागदावर हवा होता. शिक्क्यासकट.

मुलगा दूर रशियात मजुरीला गेलेला, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा आणि असिलकान नर्स. असिलकान खाली ओश शहरात शिकून आली होती आणि तिच्याकडे तळहातावर मावेल एवढं एक नवं यंत्र आलं होतं.

"हिच्यात आळस किती आहे तेवढं मोजून दे," बुर्माकान म्हणाली.

"आपा, आळस मोजायचं यंत्र अजून निघालं नाही. रक्त मोजते. हिमोग्लोबिन."

"तेच ते."

असिलकानने जिपारच्या बोटाला टोचलं. थेंब यंत्राने पिऊन टाकला आणि आकडा दाखवला: एकशे चोवीस, म्हणजे आपल्या हिशेबाने बारा पूर्णांक चार. असिलकानने तो कागदावर लिहिला आणि भिंतीवरचा तक्ता बघायला वळली. तेवढा वेळ बुर्माकानला पुरला. तिची थोरली लेक ओशला दिलेली होती. तिचं गेल्या वर्षी, पोटुशी असताना, एकशे अठरा भरलं होतं आणि तिथला डॉक्टर म्हणाला होता, झकास. म्हणजे ही माझ्या लेकीपेक्षा सहाने जास्त!

"झालं!" तिने कागद ओढून घेतला. "घोडीसारखी ठणठणीत आहे."

"आपा, थांबा! अजून वजाबाकी राहिलीय—"

"वजाबाक्या तुझ्या तू करत बस!"

आपलं सोडून गावात अकरा घरं. बुर्माकान अकराही घरांत गेली. कागद नाचवत, सुनेला मागे उभी करत, प्रत्येक घरी एकेक पियाला चहा पीत. सातव्या घरी एक ट्रकवाला बसला होता. तो त्याच दुपारी घाट ओलांडून जिपारच्या माहेरगावी चालला होता. बातमी जोरात चढली आणि चढता चढता फुगली. तिथे पोचली तेव्हा ती अशी होती: सासू पोरीला आळशी म्हणून दारोदार फिरवते, आणि तसा सरकारी दाखलाही काढलाय.

इकडे संध्याकाळच्या आत असिलकान तक्ता बगलेत मारून बुर्माकानच्या दारात हजर झाली.

"आपा, एकशे चोवीसमधून अठ्ठावीस वजा करायचे. उरले शहाण्णव. पोटुशी बाई एकशे दहाच्या खाली उतरली की आजारी समजायची. जिपार आळशी नाही. तिच्या अंगात रक्त कमी आहे."

बुर्माकान कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अन् अठ्ठावीस कुणी खाल्ले?"

"उंचीने."

"माझ्या घरात मला न विचारता कुणी काही खात नाही!"

तुर्दुबायने नर्सला गादीवर बसवलं. असिलकानला ठाऊक होतं, या घरात पुस्तकातलं बोलून उपयोग नाही. तिने याकांचा विषय काढला.

"आबा, हिमोग्लोबिन म्हणजे तुमचे ओझ्याचे याक. छातीत जायचं, हवा लादायची, अंगभर पोचवायची. खाली ओशला हवा दाट. प्रत्येक याक भरलेल्या गोण्या घेऊन परततो. इथे हवाच विरळ. याक अर्ध्यामुर्ध्या गोण्या घेऊन येतो. मग घरात तेवढाच माल यायला काय लागेल?"

"जास्त याक," तुर्दुबाय म्हणाला. एवढं त्याला झोपेतही कळलं असतं.

"इथली धडधाकट माणसं ते जास्तीचे याक अंगातच पैदा करतात, कुणी न सांगता. जिपारजवळ कळप आहे ओशला पुरेल एवढा अन् राहणं आहे पामीरवर. वर त्याच कळपावर पोटातलं पोर जगतंय."

तुर्दुबायने विचारलं, "एका थेंबात असे किती असतील?"

"एका थेंबात वीस-पंचवीस कोटी लाल पेशी. अन् एकेका पेशीत सत्तावीस कोटी हिमोग्लोबिन."

तुर्दुबायच्या बापाजवळ बासष्ट याक होते आणि त्या बासष्टांवर तो मरेपर्यंत ताठ मानेने चालला होता. तुर्दुबायने आपला तळहात डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला, कानाशीही नेऊन पाहिला. "एवढा कळप," तो पुटपुटला, "अन् त्याला राखायला कुत्रं नाही, वळायला माणूस नाही. आपोआप जातो, आपोआप येतो. अन् आम्ही आपले म्हणतोय, आमच्याकडे काय आहे!"

बुर्माकानच्याही आत काहीतरी हललं, पण ती हललेलं दाखवणाऱ्यातली नव्हती. "औषध सांग," ती म्हणाली.

"लोहाची गोळी, रोज. मांस, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नाही, आधी. आणि जेवणाच्या आधी तासभर, नंतर तासभर चहा बंद. चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही."

आता बुर्माकानने हिशेब मांडला, आणि हिशेबात चूक काहीच नव्हती. तिच्या घरात पहाटेपासून कुणी ना कुणी खातच असतं. धार काढून आलेला खातो, वाटसरू खातो, शेजारी खातो, आणि त्यांना वाढता वाढता सून तुकडा मोडते. म्हणजे जेवणापासून तासभर लांब असलेली वेळ या घरात उगवतच नाही. म्हणजे चहाच नको! तिने चहाचा डबा उचलला आणि नर्सच्या ओटीत घातला.

"बाळंत होईस्तोवर तुझ्याकडे ठेव."

"आपा, अहो फक्त जिपारने—"

"घरात डबा असला की हात जातो. ने तू!"

चौथ्या दिवशी दुपारी दाराशी गाडी थांबली. जिपारचा बाप मामासाली उतरला, आई उरुझखान उतरली, आणि मागून एक पांढऱ्या दाढीचा काका. काका आणला म्हणजे प्रकरण गंभीर. भांडणात काका बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. गाडीची मागची बाजू रिकामी ठेवली होती. लेकीच्या पेटीसाठी.

व्याही आल्यावर मेंढा कापायचाच. तुर्दुबाय सुरी घेऊन मागे पळाला. पाहुणे गाद्यांवर टेकले, दस्तरखान पसरलं, रोट्या आल्या, लोणी आलं, सुकी जर्दाळू आली. मग सगळे थांबले. थांबूनच राहिले.

चहा आला नाही.

पामीरवर दुश्मनालाही आधी चहा देतात, मग काय ते बोलतात. मामासालीने पत्नीकडे बघितलं. पत्नीने काकाकडे बघितलं. काकाने दाढी कुरवाळली आणि उठायच्या बेताने गुडघ्यावर हात ठेवला.

"कळलं," उरुझखान म्हणाली. "पोरीला आळशी ठरवलं, दाखला काढला, अन् आता आम्हाला कोरड्या घशाने हाकलताय. जिपार, पेटी बांध."

"अहो विहीणबाई, चहा तिच्या रक्तासाठी बंद केलाय!"

"तिच्या रक्ताचं नाव काढू नका! आम्ही भरलेली पोर दिली होती. तुम्ही रिकामी केलीत."

"भरलेली?" बुर्माकानचं तोंड तिच्या आधी धावलं. "अठ्ठावीस कमी होते त्यात! आधी मोजून द्यायचं होतंत!"

दाराशी उभी असलेली जिपार चौकट धरून हळूच खाली बसली. तिला पेटी बांधायची की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी पेटीपर्यंत चालायचा दम तिच्यात नव्हता. ते बघून बुर्माकानने पहिल्यांदा दुसरा हिशेब मांडला. ही आज घाट ओलांडून गेली तर नातू तिकडे होईल. किंवा होणारच नाही.

"चहा आणते," ती म्हणाली आणि स्वतः दवाखान्याकडे धावली. दीडशे पावलांत तिला तीनदा थांबावं लागलं. हे तिला नेहमीच लागायचं. त्याला ती राग म्हणायची.

असिलकान एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात यंत्र घेऊन आली. आल्या आल्या तिने ओळखलं, इथे चहाने भागणार नाही.

"कुणी भरलेली दिली अन् कुणी रिकामी केली, बघायचंय ना? दोघी विहिणींनी बोटं पुढे करा."

उरुझखानने बोट असं पुढे केलं, जशी कुस्तीला उतरली. एकशे एकतीस. तिने मान उंचावली. असिलकानने अठ्ठावीस काढले. एकशे तीन. मान होती तिथे आली.

"पोटुशी नसलेल्या बाईला एकशे वीस हवेत. सतरा कमी," असिलकान म्हणाली.

बुर्माकानने हसू दाबत बोट दिलं. एकशे बावीस. गेले अठ्ठावीस. चौऱ्याण्णव.

"सुनेपेक्षाही कमी," असिलकान हळूच म्हणाली. "आपा, तुम्ही चालता कशा?"

बुर्माकान बोटाकडे बघत राहिली. तिची सासू तिला आळशी म्हणायची. त्या सासूला तिची सासू. तीन पिढ्या दमलेल्या बायकांनी एकमेकींना आळशी म्हणण्यात घालवल्या, आणि बाप्ये मधे बसून मांस खात होते.

रक्ताने हात भरलेला तुर्दुबाय तेवढ्यात आत आला. त्याचंही बोट धरलं. एकशे चौऱ्याऐंशी. अठ्ठावीस जाऊनही एकशे छप्पन. मामासालीचं त्याहून दोनने जास्त. काकाने दोन्ही हात बाह्यांत लपवले.

"बाप्यांना उंची काही करत नाही का गं?" उरुझखानने विचारलं.

"उंची सगळ्यांचं तेवढंच घेते. पण बाईचं महिन्याला जातं, बाळंतपणात जातं. अन् ताट तिच्यापर्यंत पोचतं तेव्हा त्यात हाडं उरलेली असतात."

तेवढ्यात तुर्दुबायने चुलीवरून कलेजीचं ताट आणलं. गरम कलेजी आणि शेपटीची चरबी. हा घास व्याह्यांचा. तो खाल्ला की सोयरीक पक्की, नाकारला की तुटली. सगळ्यांचे डोळे मामासालीवर लागले. त्याने एक तुकडा उचलला, पण तोंडात घातला नाही. धरून बसला.

बुर्माकान उठली. तिने त्याच्यासमोरून ताट उचललं आणि चौकटीशी बसलेल्या जिपारच्या मांडीवर ठेवलं.

काकाने बाह्यांतून हात बाहेर काढले. "व्याह्यांचं ताट सुनेला?"

"हिला घातल्याशिवाय कोणती सोयरीक टिकणार आहे?"

"दोन-तीन तुकडेच, पोटुशीला कलेजी जास्त चालत नाही," असिलकानने बजावलं. "बाकी मांस."

पण जिपार खाईना. सासऱ्यादेखत सुनेने तोंड हलवायचं नसतं. तिने मान खाली घातली. कलेजी निवू लागली.

"बाप्यांनो," बुर्माकान म्हणाली, "भिंतीकडे तोंडं करा."

"काय?" काका म्हणाला.

"ऐकू आलं की. वळा!"

तुर्दुबाय पहिला वळला. मग मामासाली, हातातल्या तुकड्यासकट. काका देवाचं नाव घेत शेवटी वळला. तीन पिकलेली डोकी पांढऱ्या भिंतीला नाकं लावून बसली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. दोन्ही विहिणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. समोवार थंडच होता. चहाची आठवण कुणाला नव्हती.

खोलीत चावण्याचा आवाज येऊ लागला. आधी बारीक, घाबरत. मग जरा धीट. तुर्दुबायने डोळे मिटले होते. कोटी कोटींचा तो कळप तिकडे, त्याच्या पाठीमागे, चरायला लागला होता आणि तुर्दुबायची हलायची हिंमत होत नव्हती. काकाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

दोन तुकडे संपले. मग ज्या घरात दोन वर्षांत पुरुषांच्या कानावर सुनेचा आवाज पडला नव्हता, तिथे तो पडला.

"आणखी आहे?"

कुणी वळून बघितलं नाही. फक्त मामासालीचा हात खांद्यावरून मागे आला, आणि त्यात निवलेला तो तुकडा होता.