ठोंबऱ्यांच्या ताजमहालाचा चौथा मनोरा

कॉलनीत कुणाची बदली झाली की बाकीचे लोक निरोप द्यायला जायचे, आणि ठोंबरे ठोकळे मागायला. ट्रकवर सामान चढत असे, बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या असत, आणि हे वाट काढत पुढे येऊन म्हणत, "पोरांचं ठोकळं राह्यलं असलं तर देऊन जा. तिकडं काय, नवीन मिळतील."

मोहोपाड्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो, ठोंबरे बॉयलरवर. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. पन्नाशीचे, एकटेच राहणारे. पोरांचे एकमेकांत बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे जमवून ते मोठमोठ्या इमारती बांधत. ठोकळे मोजके, त्यामुळे एक पाडल्याशिवाय दुसरी उभी राहत नसे. "कुतुबमिनार कुठे गेला हो?" असं विचारलं तर शांतपणे म्हणत, "गेटवेत गेला."

सगळ्या इमारती कॅलेंडरवर पाहिलेल्या. म्हणून प्रत्येकीला फक्त दर्शनी बाजू. मागून सपाट, भिंतीला टेकवलेली. "मागं काय हाय ते कॅलेंडरवाल्यानं दाखवलं नाय, मग आपुन थापा कशाला मारायच्या?" हा त्यांचा बाणा. स्वतः कर्जतच्या पलीकडे फारसे गेले नव्हते, पण प्रवासाहून आलेल्या प्रत्येकाला गाठून विचारत, "मागं काय हाय?" काशीहून आलेल्या हेडक्लार्कला देवळाची मागची भिंत आठवेना, तर ठोंबरे आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

त्या वर्षी मी आग्र्याला गेलो. बायको ताजमहालापुढे फोटोसाठी पदर नीट करत उभी, आणि मी शेजाऱ्याच्या धाकाने मागच्या बाजूला पळालो. परत आल्यावर सांगितलं, "मागे नदी आहे. आणि ताजमहाल मागूनही पुढच्यासारखाच दिसतो."

ठोंबऱ्यांनी भिंतीला टेकवलेल्या इमारतीची सपाट पाठ वाकून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे चारी अंगांनी बांधायला लागंल."

सव्वीस जानेवारीला क्लबात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. ताजमहालासाठी त्यांनी होतं नव्हतं ते सगळं पाडलं. घुमट झाला, तीन मनोरे झाले, आणि आदल्या संध्याकाळी ठोकळे संपले. मी मदतीला होतो. वरच्या फळीवर पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. सोडून पाहतो तर ठोकळ्यांचंच एक कौलारू घर. "अहो, हा काय तुमचा मनोरा," असं म्हणत मी एक ठोकळा उपटलासुद्धा.

ठोंबऱ्यांनी घर माझ्या हातातून काढून घेतलं. "याला हात नको, सायेब." आवाज असा होता की मी मुकाट्याने घरी आलो. रागही आला. दोन महिने खपायचं आणि ताजमहाल लंगडा ठेवायचा, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या बाई ताजमहालाभोवती फिरल्या. बोटाने मनोरे मोजले. "चौथा कुठाय?"

"दुरुस्तीला काढलाय, बाई," ठोंबरे म्हणाले. कारखान्यात हयात गेलेली माणसं आम्ही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बक्षीस मात्र भरतकामाच्या मोराला गेलं.

ताजमहाल पाटावर ठेवून आम्ही दोघांनी तो खोलीवर आणला. कालचं घर खाटेवर होतं. त्यांच्याच सवयीने मी विचारलं, "मागं काय आहे?"

त्यांनी ते अलगद फिरवलं. मागचं दार, चूल, न्हाणी, गोठा, सगळं जागच्या जागी. हे एवढं एक बांधायला त्यांना कॅलेंडर लागलं नव्हतं.

"आमचं घर. कारखाना आला तवा गेलं. चूल व्हती ना, बराबर तिथं आता बॉयलर हाय. पयलं आय जाळ घालायची, आता मी घालतो." ते हसले. मला हसता आलं नाही. "या मागल्या दारात बसून ती तांदूळ निवडायची. पायरी व्हती इथं."

पायरीच्या जागी ठोकळा नव्हता.

मला माझीच लाज वाटली. तसाच घरी गेलो, खुंटीवरच्या कालच्या शर्टाच्या खिशातून ठोकळा काढला आणि आणून त्यांच्या हातावर ठेवला. ठोंबऱ्यांनी तो अंगठ्याने पुसला, दाबून जागेवर बसवला, आणि घर फळीवर ठेवलं. मागची बाजू खोलीकडे करून.