तेलसाहेबांची मिशी

"सगळं काढ," तेलसाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "दाढी, मिशी, कल्ले. गुळगुळीत कर."

सलूनवाल्याची कात्री हवेत थांबली.

ती साधी मिशी नव्हती. दोन्ही बाजूंनी वर वळलेली, झुपकेदार, मालकाच्या दोन पावलं आधी दारातून आत येणारी मिशी होती. मालक गावाबाहेरच्या माळावर तेल आणि गॅस शोधण्यासाठी जमिनीत भोक पाडणाऱ्या कंपनीचे मुख्य इंजिनियर होते. गावाने त्यांचं नाव तेलसाहेब ठेवलं होतं, आणि ही मिशी म्हणजे 'भूगर्भ मंडळा'चं एकमेव वर्तमानपत्र होतं.

मंडळात तीन सभासद होते: सलूनवाला, त्याचा मेहुणा आणि निवृत्त पोस्टमास्तर. मेहुणा मोबाइल दुरुस्त करायचा. शेअर मोबाइलवर घेतात आणि मोबाइल मेहुण्याला आतून माहीत आहे, एवढ्या आधारावर त्याला मंडळाचा तज्ज्ञ नेमलं होतं. तेलकंपनीचा शेअर चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळत होता.

"दाजी, तेल लागलं तर बंगला," मेहुण्याने समजावलं होतं. "नाही लागलं तर एक चहा गेला म्हणायचा."

चहा किती घ्यायचे, हे त्याने सांगितलं नव्हतं. सलूनवाल्याच्या बायकोला शेजारचा रिकामा गाळा घेऊन ब्यूटी पार्लर काढायचं होतं. त्याच्या डिपॉझिटसाठी तिने भिशा लावून, शिवणकाम करून पैसे साठवले होते आणि विश्वासाने नवऱ्याच्या खात्यात ठेवले होते. सलूनवाल्याने त्या सगळ्याचा चहा घेतला. बायकोला सांगायचं राहून गेलं. ते रोजच राहून जात होतं.

तेलसाहेब कंपनीबद्दल चकार शब्द काढत नसत. "नियम आहे बाबा. बाजाराला कळायच्या आधी कुणालाच सांगता येत नाही." मग मंडळाने केसांवरून अंदाज बांधायला सुरुवात केली. साहेबांनी मिशीला मेण लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी शेअर वर. साहेबांनी डोक्याला मालिश मागितली, दुसऱ्या दिवशी बातमी आली की खाली पाइप अडकलाय, शेअर खाली. दोनदा जमलं. शास्त्राला आणखी काय लागतं? तेव्हापासून साहेबांच्या वेळेला मास्तरही शेजारच्या खुर्चीत येऊन बसत. मास्तरांना पूर्ण टक्कल होतं. ते कानावरचे केस कापून घ्यायचे.

आजही मास्तर बसले होते. 'गुळगुळीत' हा शब्द ऐकताच त्यांनी कान टवकारले.

"साहेब," सलूनवाल्याने अखेर धीर केला, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी सगळे ठणठणीत आहेत. वरून ऑर्डर आहे रे. जिवाचा प्रश्न आहे." साहेबांनी आरशातल्या मिशीकडे शेवटचं पाहिलं आणि डोळे मिटले. "चालव."

सलूनवाल्याने चालवलं. आरशात आता एक अनोळखी, लहान तोंडाचा माणूस बसला होता. त्याने गालावरून हात फिरवला, सुस्कारा टाकला आणि विचारलं, "इथे फोटो कुठे काढून मिळतात? ओळखपत्रावर नवा चेहरा लावावा लागणार."

सलूनवाला मास्तरांच्या कानाकडे वळला होता; त्याची कात्री थेट कानाला लागली. ते कान धरून साहेबांकडेच पाहत राहिले.

साहेब दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि हो, उद्या सकाळी हत्यारं घेऊन साइटवर ये. सगळ्यांच्याच दाढ्या उतरवायच्यात. गेटबाहेर तंबू लावून देतो. आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत."

साहेब गेल्यावर मास्तरांच्या कानाचं रक्त पुसायचंही कुणाला सुचलं नाही. मेहुण्याला फोन गेला. तो एका गिऱ्हाइकाचा उघडा मोबाइल हातात घेऊनच धावत आला. त्याने सगळी हकिगत ऐकली, मिशीचे खाली पडलेले केस पाहिले आणि तो खालीच बसला.

"दाजी, हे वेशांतर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे विहीर कोरडी निघाली! उद्या शेअरवाले साइटवर चालून जाणार, हे साहेबांना माहीत आहे. म्हणून तोंड बदललं. ओळखपत्र बदलतायत. 'जिवाचा प्रश्न' म्हणाले ना? आपल्यापासून जिवाला धोका आहे त्यांच्या!"

"पण ते मला साइटवर बोलावतायत," सलूनवाला म्हणाला. "पळणारा माणूस असं आमंत्रण देतो का?"

"एकटे नाही पळत. अख्खी कंपनी पळतेय!"

मास्तर कानाला कापूस लावत म्हणाले, "मी चाळीस वर्षं टपालखात्यात काढलीत. वाईट बातमी घेऊन आलेल्या पाकिटाचा चेहरा मला कळतो. आज तो माणूस पाकिटासारखा दिसत होता."

"सरळ फोन करून विचारलं तर?"

"'तसं काही नाही,' म्हणतील," मेहुणा म्हणाला. "असं ते म्हणणारच."

शेवटी ठरलं की उद्या सलूनवाल्याने साइटवर जाऊन खात्री करावी. घाई नको. मंडळ जबाबदारीने वागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनवाला निघाला, तेव्हा बायकोने डबा हातात देत म्हटलं, "अहो, गाळ्याचे मालक उद्या येतायत. डिपॉझिट काढून ठेवा. पार्लरच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवलाय मी."

"हो," सलूनवाला म्हणाला. डबा पिशवीत कोंबून तो तिच्याकडे न बघताच बाहेर पडला.

साइटच्या गेटबाहेर तंबू होता, तंबूत खुर्ची होती आणि खुर्चीसमोर दाढीवाल्यांची रांग होती. ड्रिलर होते, वेल्डर होते, ड्रायव्हर होते. मॅनेजर स्वतः पहिल्या नंबरला उभा होता. सलूनवाल्याने प्रत्येकाला विचारून पाहिलं. प्रत्येकाने "बोलायचं नाही असं सांगितलंय" म्हणून गाल पुढे केला.

आचाऱ्याच्या हनुवटीवर चिमूटभर दाढी होती. "तुझी पण?" सलूनवाला चकित झाला.

"पण म्हणजे? एक केस दिसला तर उद्यापासून आत पाऊल नाही."

सर्वांत शेवटी वॉचमन आला. त्याची दाढी छातीपर्यंत होती. वस्तऱ्याचा पहिला हात फिरताच त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "माझ्या मुलाने मला असं कधी पाहिलेलं नाही हो," तो हुंदका देत म्हणाला. "घरी गेलो तर दार उघडतील का?"

रडणारा वॉचमन पाहून सलूनवाल्याच्या पायाखालची उरलीसुरली वाळू सरकली. ज्या कंपनीत वॉचमनसुद्धा तोंड लपवतो, तिथे राखण करण्यासारखं काय राहिलं असणार? तो तंबूमागे गेला आणि त्याने फेसाळ हाताने फोन लावला.

"खरंय. आचारीसुद्धा वेश बदलतोय."

"आचारी!" मेहुणा किंचाळला. "विका!"

मंडळाने विकलं. मास्तरांनी हे गुपित फक्त एकाच मित्राला, शपथेवर सांगितलं होतं. त्यामुळे तासाभरात अर्ध्या गावाने विकलं आणि चहाचा शेअर अर्ध्या चहावर आला. सलूनवाल्याचे शेअर त्या अर्ध्या कपातच गेले. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. निदान अर्धं डिपॉझिट तरी शाबूत राहिलं होतं. तो आत येऊन वॉचमनचा दुसरा गाल करू लागला.

तो संपतो न संपतो तोच तेलसाहेब फोन कानाला लावून तंबूत शिरले. नव्या तोंडावर प्रचंड आनंद होता. ते इतके हसत होते की सलूनवाल्याला आधी ते कोण आहेत हेच कळलं नाही.

"गेलं! बाजाराला कळवलं! आता बोलायला मोकळा!" त्यांनी सलूनवाल्याचे दोन्ही खांदे धरले. "गॅस लागलाय बाबा, गॅस! एवढा, की वर्षानुवर्षं पुरेल!"

सलूनवाल्याच्या हातातून ब्रश गळून पडला.

"मग... दाढ्या?"

"त्या गॅसमध्ये विषारी वायू मिसळलेला आहे. साफ करून विकता येतो, पण साइटवर गळती झाली तर दोन श्वासांत माणूस आडवा." साहेबांनी कमरेला लटकवलेला रबरी मास्क काढून तोंडावर दाबला. आतून त्यांचा आवाज घुमला. "हा असा घट्ट बसला पाहिजे. मध्ये केस आले की फट राहते. म्हणून सगळे गुळगुळीत! ज्या दिवशी गॅस लागला, त्याच दिवशी मिशी गेली. आनंदाने दिली रे मी."

"मग काल मला सांगायचं नाही का साहेब!"

साहेबांनी मास्क काढला. "नियम आहे. पण तुला काय फरक पडतो?"

सलूनवाल्याने खाली वाकून ब्रश उचलला. "छे, मला काय," तो म्हणाला. "उगाच आपलं विचारलं."

कंपनीला कुबेराचं भांडार सापडलं, ही गोष्ट साऱ्या जगाच्या आधी ज्याच्या वस्तऱ्याखालून गेली होती, तो माणूस तंबूमागे जाऊन पुन्हा फोन लावत होता.

"गॅस लागलाय," तो म्हणाला. "साहेब स्वतः सांगतायत."

"असं ते म्हणणारच," मेहुणा म्हणाला. मग त्याने मोबाइलवर भाव पाहिला. शेअर अर्ध्या चहावरून निघाला होता तो जेवणाच्या थाळीपाशी पोचला होता आणि अजून हात धुवायला तयार नव्हता.

घरी सलूनवाल्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. बायको ऐकत होती. ओरडली नाही, रडली नाही. मधेच शिवणयंत्राचं चाक फिरायचं थांबलं, तेवढंच.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "सबंध गावाची हजामत करणाऱ्या माणसाने स्वतःची बिनपाण्याने करून घेतली."

"हो."

"आणि माझीही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर तेलसाहेब. सलूनवाल्याने तो बायकोपुढे सरकवला. तिने उचलला.

"वहिनी, तुमचे हे आहेत का? आमच्या माणसांच्या दाढ्या आता रोज प्रत्येक शिफ्टच्या आधी करायला लागणार. विहीर चालू आहे तोपर्यंत. एक कायमचा माणूस हवाय."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. जुनं सामान विकायला काढताना पाहतात तसं.

"येतील," ती म्हणाली. "महिन्याचे पैसे माझ्या खात्यात. आगाऊ. आणि जीप दारात."

असं करून पार्लर झालं. त्यासाठी शेजारचा गाळा लागलाच नाही. सलूनवाला दिवसभर साइटवर असायचा, त्यामुळे त्याच्याच दुकानात झालं. त्याच्याच खुर्चीत बायका भुवया कोरून घेऊ लागल्या आणि त्याच्याच आरशावर बायकोने ठरवलेल्या रंगाची पाटी चढली. मेहुणा आणि मास्तर यांनी बातमीनंतर तेच शेअर थाळीच्या भावाने परत घेतले. सलूनवाल्याला ते घेताच येत नव्हते. कंत्राटावर सही करताना साहेबांनी सांगितलं होतं, आतल्या माणसाने कंपनीच्या शेअरला हात लावायचा नाही. नियम आहे.

काही महिन्यांनी सलूनवाल्याच्या हनुवटीवर गळू झालं. डॉक्टरांनी बजावलं, बरं होईपर्यंत वस्तरा लावायचा नाही. कंत्राटापासून त्याची खुर्ची गेटच्या आत होती आणि दाढीवाल्याला आत प्रवेश नव्हता, म्हणून त्याने बदली माणूस पाठवला आणि तो घरी बसला. चांगली खुंटं वाढल्यावर एका सकाळी तो दुकानापाशी येऊन उभा राहिला.

समोरून मेहुणा आणि मास्तर येत होते. दोघेही जागच्या जागी थिजले.

"दाजी," मेहुण्याने विचारलं, "दाढी वाढवलीत?"

"हो रे. गळू झालंय."

"साइटवर नाही गेलात?"

"नाही. म्हटलं ना, गळू झालंय. हे बघ."

कुणीही बघितलं नाही. मास्तरांचा हात आपसूक जुन्या जखमेच्या कानाकडे गेला. मेहुण्याने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी मेहुण्याकडे.

"असं ते म्हणणारच," मास्तर हळूच म्हणाले.

आणि दोघांनी एकदमच खिशातून मोबाइल काढले.