मागे काय शे?

लोटन नाना पुस्तक मागून उघडतात.

नवं कोरं पुस्तक हातात आलं की तुम्हीआम्ही मुखपृष्ठ बघतो, पानांचा वास घेतो, किंमत बघतो आणि हळूच परत ठेवतो. नाना ते पालथं घालतात, शेवटचं पान उघडतात आणि समोर लेखक असो, मंत्री असो की त्यांचा स्वतःचा जावई असो, आपल्या अहिराणीत कडाडतात, "मागे काय शे?"

मागे काय असावं याबद्दल त्यांची एकच अपेक्षा असते. सूची. कोणतं नाव, कोणतं झाड, कोणता रोग कोणत्या पानावर आहे हे सांगणारी, अकारविल्हे लावलेली सूची. ती नसली, आणि मराठी पुस्तकात ती नसतेच, की नाना पुस्तक धाडकन मिटतात. "बठ्ठं शे, पन सापडस कोठे?" सगळं आहे, पण सापडतं कुठे, असं म्हणून ते असं टेबलावर टाकतात की जणू लेखकाने त्यांच्या घरी चोरी केली आहे.

हे सगळं मला सोसावं लागतं, कारण धुळ्यात माझा एक लहानसा छापखाना आहे आणि मी पुस्तकंही काढतो. कथा-कादंबऱ्या नाहीत. इतिहास, लोकसाहित्य, गणित, शिक्षण, झाडंझुडपं, वैद्यक, असली. म्हणजे वाचक मोजके आणि लेखक तापट. नाना मूळचे एरंडोलचे, पण सारी नोकरी धुळ्यात गेली, कॉलेजात गणित शिकवण्यात. आता निवृत्त आहेत. बायको वारली, मुलगी पुण्याला. माझ्या मागच्याच गल्लीत एकटे राहतात आणि न बोलावता रोज सकाळी छापखान्यात हजर होतात. चहा माझा, खुर्ची माझी आणि शिव्याही मलाच.

"गणिताच्या पुस्तकात उत्तरं कुठे असतात?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"मागे."

"मग? ज्या पुस्तकाच्या मागे उत्तर नाही, ते पुस्तक म्हणजे नुसता प्रश्न."

मी म्हणालो, नाना, सूची घातली की सोळा पानांचा फर्मा वाढतो, कागद वाढतो, किंमत वाढते. ते म्हणाले, "पुढचे शुभसंदेश काढ." त्या दिवशी माझ्या टेबलावर एका तालुक्याचा इतिहास होता. त्यात आमदारांचा संदेश, माजी आमदारांचा संदेश, माजी आमदार होऊ इच्छिणाऱ्यांचा संदेश, प्रत्येकाचा फोटो, आणि मग कुठे तरी लाजतकाजत इतिहास सुरू होत होता. मला फार राग आला. नाना खरं बोलत होते म्हणून जास्तच.

जळगावच्या एका प्रकाशन समारंभात तर त्यांनी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. एका डॉक्टरांनी घरगुती प्रथमोपचारांवर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, ते मीच काढलं होतं. हार झाले, नारळ झाले, भाषणं झाली. आभार सुरू होणार तोच नाना उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, माझ्या पायाला आत्ता विंचू चावला. कोणतं पान उघडू?"

डॉक्टर हसले. लोक हसले. डॉक्टरांनी पुस्तक घेतलं आणि विंचू शोधायला लागले. आधी अनुक्रमणिका पाहिली, मग मधली पानं, मग चष्मा बदलला. विंचू काही सापडेना. घाम पुसत म्हणाले, "आहे, मी लिहिलंय, नक्की लिहिलंय." नाना शांतपणे खाली बसले आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "आता मी मेलो." विंचू अखेर उष्माघाताच्या प्रकरणात निघाला. डॉक्टरांनी पुढचं पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाला दिलं.

बरं, नाना नुसते बोलून थांबतील तर ना! सूची नसलेलं पुस्तक ते घरी नेतात आणि त्याची सूची स्वतः करतात. कोणी सांगितलेलं नसतं. मग ती टाईप करून लेखकाला पाठवतात, आणि लेखक मला फोन करून विचारतो की हा गृहस्थ कोण. आमच्याकडच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांचा एक संग्रह मी काढला. एका बाईंनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेली गाणी. नानांनी त्याच्या सूचीत लिहिलं, 'सासू, छळणारी' आणि पुढे पानांची ही मोठी रांग. खाली, 'सासू, प्रेमळ: आढळ नाही.' बाई स्वतः सासू होत्या. शिक्षणशास्त्राच्या एका पुस्तकाची सूची करून ते आले तेव्हा तर रागाने थरथरत होते. 'विद्यार्थी' हा शब्द प्रस्तावनेत एकदा भेटला, तो थेट समारोपात. "मधल्या वेळात पोरगं कुठे होतं?" ते मला विचारत होते. मी काय त्या पोराचा बाप आहे?

हा रोग पुस्तकांपुरता राहिला असता तर मी बोललो नसतो. पण नाना लग्नपत्रिकाही पालथी घालतात. आमच्याकडे पत्रिकेत सगळ्या भाऊबंदांची नावं घालावी लागतात, एक गाळला तर तो मांडवात येऊन भांडतो. नाना ती पत्रिका हातात घेऊन वधूपित्याला विचारतात, "नवरदेव कोणत्या ओळीत?" माझ्या बायकोला त्यांनी एकदा विचारलं, "मधू कुठे?" ती म्हणाली, छापखान्यात. "छापखाना: पाहा चहाची टपरी," असं म्हणून ते बरोबर टपरीवर आले. मी तिथेच होतो. नेहमीच असतो. तरी एखाद्याला असं सूचीत टाकायचं म्हणजे काय?

या सगळ्या भांडणांत एक भांडण मात्र खरं होतं.

रज्जाकभाई नानांच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. माणूस साक्रीचा, घरी कापडाचं दुकान, पण जीव सगळा डोंगरात. नाना आणि ते रोज एकाच स्कूटरवर कॉलेजला यायचे. नाना पुढे, रज्जाकभाई मागे. रस्त्याकडेला एखादं झुडूप दिसलं की रज्जाकभाई खांदा दाबायचे आणि नाना गाडी थांबवायचे. तास बुडाला तरी चालेल, झुडूप बुडता कामा नये. निवृत्त झाल्यावर रज्जाकभाईंनी साक्रीकडच्या डोंगरांतल्या झाडाझुडपांवर पुस्तक लिहिलं. प्रत्येक झाडाचं गावठी नाव, औषध, त्याच्याभोवतीच्या कथा. इतकं चांगलं पुस्तक माझ्या हातून दुसरं निघालेलं नाही.

नानांनी आपणहून त्याची सूची केली. चार महिने राबले. छापखान्यात आणून रज्जाकभाईंच्या पुढ्यात ठेवली. रज्जाकभाईंनी वाचलीसुद्धा नाही. ते घरी हिंदी बोलायचे, माझ्याशी मराठी, पण नानांशी कायम अहिराणी.

"मन्हं पुस्तक म्हंजे रान शे," ते म्हणाले. "रानले सूची ऱ्हास का? फिरा, सापडी." रानाला कुठे सूची असते, फिरा म्हणजे सापडेल, असं त्यांचं म्हणणं.

"आनि रानमा मानूस भुली गया तं?"

"भुलू दे. तेन्हाशिवाय झाड दिसस नही."

"तुन्हा पुस्तकले शेपूट नही, रज्जाक!"

"शेपूट जनावरले ऱ्हास. झाडले नही. मी सूची टाकस नही, जाय!"

माझ्या डोळ्यांदेखत दोन म्हातारे प्रोफेसर लाल होऊन उठले आणि दोन दिशांना निघून गेले. पुस्तक सूचीशिवाय निघालं. रज्जाकभाई साक्रीला मुलाकडे राहायला गेले. बोलणं बंद. पुढची कित्येक वर्षं मी नानांच्या तोंडून त्यांचं नाव ऐकलं ते फक्त 'अडाणी' या शब्दाला जोडून.

गेल्या वर्षी त्या पुस्तकाच्या प्रती संपल्या. शिकणाऱ्या पोरांचे फोन यायला लागले. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी साक्रीला रज्जाकभाईंच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अब्बांना विचारून आता उपयोग नाही. त्यांना काही आठवत नाही, आम्हालाही ओळखत नाहीत. तुम्हाला पुस्तकात जे करायचं ते करा." वाईट वाटलं. पण मनात एक चांगला विचारही आला. नानांची सूची माझ्याकडे अजून पडून होती. मी ती जुळवली, पानांचे आकडे तपासून घेतले, दोनदा प्रुफं वाचली. नानांना काही बोललो नाही. आयुष्यभर ज्यासाठी हा माणूस सगळ्या खान्देशाशी भांडला, ते एकदा तरी त्याच्या हातात छापून द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं.

नाना आले. मी प्रुफं पुढे केली. त्यांनी अर्थातच मागून उघडली.

पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "काढ हे."

"काय?"

"सूची. काढून टाक."

मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, नाना, तुमच्यापायी मी लेखक गमावले. जळगावला माझी अब्रू घालवलीत. माझ्या बायकोसमोर माझी टपरी उघडी पाडलीत. बारा महिने तेरा काळ सूची, सूची, सूची, आणि आता मी स्वतः बसून तुमची सूची लावली तर म्हणता काढ? तुम्हाला सूची नकोच होती, तुम्हाला नुसतं भांडायचं होतं! कामगार यंत्र थांबवून ऐकत होते. ऐकू देत, म्हटलं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. असं कधी झालेलं नव्हतं. मग उठत म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर साक्रीला चल."

"तुमचं तर बोलणं बंद आहे."

"चल तू."

सकाळच्या एसटीने निघालो. मी वाटभर फुगून बसलो होतो. कुसुंबा गेलं, नेर गेलं, नाना खिडकीबाहेर बघत होते. बस स्टँडवर उतरल्यावर ते कोणाला न विचारता गल्लीबोळातून सरळ चालायला लागले. चहाच्या गाडीवाल्याने त्यांना हात केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस इथे नेहमी येतो.

रज्जाकभाई ओट्यावर खाटेवर बसले होते. पार वाळले होते. मी नमस्कार केला तर अदबीने म्हणाले, "बसा साहेब. कुठून आलात?" सुनेने, शबानाने, चहा आणला, तर तिलाही म्हणाले, "बसा बाई." ती नुसती हसली. तिला सवय झाली होती.

नानांनी ना नमस्कार केला, ना चौकशी. घरात जाऊन फळीवरचं ते जुनं पुस्तक घेऊन आले. रज्जाकभाईंच्या तोंडापुढे ते मागून उघडलं आणि सगळी गल्ली दणाणेल असे ओरडले, "मागे काय शे?"

रज्जाकभाई ताठ झाले. डोळे बदलले.

"लोटन!" ते म्हणाले. "उना का परत? कितला डाव सांगू? मी टाकस नही!"

"लोके हसतस! म्हणतस, रज्जाकना पुस्तकले शेपूट नही!"

"शेपूट जनावरले ऱ्हास. झाडले नही!"

"बिबा कोठे शे सांग. कोन्ता पानवर?"

"फिर! सापडी!"

आणि जुंपली. तेच शब्द, तोच क्रम, तेच हातवारे. मधेच रज्जाकभाई म्हणाले, तुन्ही स्कूटर आजून शे का, आणि नाना म्हणाले, तुन्हा वजनखाले मरी गई. दोघं हसले आणि पुन्हा भांडायला लागले. शबाना दारात उभी राहून ऐकत होती. ती मला हळूच म्हणाली, "दर आठवड्याला येतात. पहिल्या दिवशी अब्बांनी त्यांनाही ओळखलं नाही. सर खूप वेळ रडत बसले. मग काय झालं कोण जाणे, एकदम चिडले आणि पुस्तकावरून ओरडायला लागले. तर अब्बा म्हणाले, लोटन. आमच्यापैकी कोणाचं नाव येत नाही त्यांना. हेच एक येतं."

परतीच्या बसमध्ये नाना म्हणाले, "तो शुद्धीत होता तेव्हा नाही म्हणाला होता. आता त्याला कळत नाही म्हणून आपण टाकायची?"

कंडक्टर आला, मी दोघांची तिकिटं काढली.

"आणि नवं पुस्तक त्याच्या हातात देणारच ना तुम्ही लोक? माझ्यासारखाच मागून उघडेल. सूची बघेल आणि म्हणेल, टाकली ना, झालं तर मग." नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मग मी त्याला कोण? आणखी एक साहेब. बसा साहेब, कुठून आलात."

पुस्तक सूचीशिवाय निघालं. आता दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी चिडून फोन करतो. परवा एक प्राध्यापक मला शिकवत होते की असल्या शास्त्रीय ग्रंथाला सूची नसणं हा गुन्हा आहे, आणि तुम्ही कसले प्रकाशक. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "फिरा. सापडेल." त्यांनी फोन आपटला. मला त्यांचा राग आला, पण थोडाच.

पहिली प्रत नानांना दिली होती. त्यांनी ती पालथी घातली, शेवटचं पान उघडलं. कोरं होतं. त्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला, पुस्तक पिशवीत टाकलं आणि एसटी गाठायला निघाले. दारातून परत वळले.

"मधू, सूची तिसऱ्या आवृत्तीला टाक," ते म्हणाले. "आणि तिसरी आवृत्ती काढायची घाई करू नको."