न्यूटन कपाटात

इंगळेबाईंच्या वर्गात ‘समजा’ म्हणायला बंदी आहे. मुलांनाच नव्हे, पुस्तकालाही. आठवीच्या विज्ञानात जिथे जिथे ‘समजा, एक वस्तू’ असं छापलंय, तिथे बाईंनी मुलांना लाल पेनाने काट मारायला लावली आहे. “‘समजा’ काऊन? वस्तू आना,” हे त्यांचं ब्रीद. आणि पोरं खरोखर आणतात. गतिज ऊर्जेच्या धड्याला एकाने बकरी आणली. ती माझ्या वर्गात शिरली आणि कवितेचं पान खाऊन गेली.

मी याच शाळेत मराठी शिकवतो. बाई जानेफळहून एसटीने येतात आणि रागातच उतरतात. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की पुढे आदळलेल्या माणसांकडे बोट दाखवून त्याला जडत्व समजावतात. आता तो बाईंना गाडीत पाहिलं की पुलापासूनच वेग कमी करतो. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असते. गंमत म्हणजे, वीस वर्षांपूर्वी त्या इथेच माझ्या विद्यार्थिनी होत्या आणि वर्गात मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

खरं सांगतो, मलाही त्यांचा रागच यायचा. घर्षण शिकवायचं म्हणून त्यांनी सोयाबीनचं पोतं व्हरांड्यात ओढायला लावलं, आणि तेही माझ्या तासाला. ओढायला किती बल लागलं ते मोजायला ताणकाटा हवा, म्हणजे स्प्रिंगचा काटा. वर कडी, खाली हूक, मधे न्यूटनच्या खुणा. शाळेत असे सहा काटे आहेत. प्लास्टिकच्या पिशव्यांसकट कपाटात, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. बाई तीनदा मागायला गेल्या. तिन्ही वेळा उत्तर एकच, पोरं तोडतील. तिसऱ्यांदा परत आल्या त्या दार आपटूनच. मग त्यांनी मुलांना सांगितलं, काटा नाही तर नाही, पोरं मोजा. फरशीवर पोतं तीन पोरांनी हललं, मुरमावर सहा लागली. वह्यांत तसंच लिहिलं गेलं.

पुढच्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. आठवीत त्यांनी विचारलं, बलाचं एकक कोणतं? राधिका नावाची चुणचुणीत मुलगी उठली आणि म्हणाली, “पोर.” साहेब हसले. तिने न डगमगता फरशी, मुरूम, तीन आणि सहा असा सगळा हिशेब सांगितला. साहेबांनी विचारलं, मग न्यूटन कुठे गेला?

“न्यूटन कपाटात हाये, सर.”

साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. एवढ्या मोठ्या माणसाला कपाट उघडून दाखवा म्हणावंसं वाटलं नाही, याचा मला आजही संताप येतो. त्यांनी पोहे खाल्ले, ‘विद्यार्थ्यांना एकके येत नाहीत’ असा शेरा लिहिला आणि गेले. मुख्याध्यापकांनी लगेच फर्मान काढलं की सोमवारपासून आठवीचं विज्ञान मी घ्यायचं आणि इंगळेबाईंनी पोषण आहाराची नोंदवही सांभाळायची. मी, ज्याला फ्यूज बदलता येत नाही, त्याने मुंडी हलवली. इतकी वर्षं तेच करत आलो होतो.

शाळा सुटल्यावर बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. आता आकाशपाताळ एक करतील म्हणून मी चष्मा काढून ठेवला. पण त्यांचा आवाज खाली होता.

“दहावीले विज्ञानात मी पयली होती, सर. ताणकाट्याची आकृती डोळे मिटून काढत होती. बुलढान्याले कॉलेजात गेली, तथी पयल्याच दिवशी काटा हातात देला. मी हूक धरला, कडी खाली. अख्खी लॅब हासली. कोन्त्या शाळेतून आली म्हनून इचारलं, तं मी शाळेचं नावच नाई सांगतलं. दोन दिवस कॉलेजाले गेली नाई.”

त्यांनी माझा चष्मा उचलून माझ्यापुढे ठेवला.

“काटे तवाही कपाटातच होते. आज त्या सालची साहित्याची नोंदवही पाह्यली मी. ‘सर्व साहित्य वापरात आहे.’ खाली सही तुमची हाये, सर.”

होती. दर मार्चमध्ये साहित्य-पडताळणीचं ते पान माझ्यासमोर यायचं आणि मी न वाचता सही करायचो. मराठीचा मास्तर मी, दुसऱ्यांच्या वाक्यातला काना-मात्रा सोडत नाही, आणि स्वतःच्या सहीवरचं एक धडधडीत खोटं वाक्य वीस वर्षांत वाचलं नव्हतं. इतकी चीड मला स्वतःची कधी आली नव्हती.

तसाच उठून मुख्याध्यापकांकडे गेलो. नोकरीत पहिल्यांदाच माझा आवाज चढला. विज्ञान मी घेणार नाही म्हणालो, आणि कपाट उघडलं नाहीत तर यंदा सहीच्या जागी ‘वीस वर्षे कुलूपबंद’ असं लिहीन, तेही शुद्ध मराठीत. त्यांनी खिशात हात घातला. मग किल्ली टेबलावर ठेवली.

सोमवारी आठवीवर बाईच गेल्या आणि मला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. पिशव्या फाडल्या. सहाही काटे हातोहात फिरले, एकही पोर वगळलं नाही. शेवटी बाई माझ्याकडे आल्या आणि एक काटा पुढे केला.

“धरा, सर.”

मी धरला. कोणीतरी खुसकन हसलं. पाहतो तर हूक माझ्या मुठीत आणि कडी खाली लोंबत होती.

बाई ओरडतील असं वर्गाला वाटलं. मलाही वाटलं. त्यांनी फक्त हसू आलं त्या बाकाकडे वळून पाहिलं.

“हासू नोका रे. सरायलेही कधी कोनं हातात देला नाई.”

आणि माझ्या हातातला काटा त्यांनी हळूच सुलटा केला.