सातव्या प्रकरणातलं दीड पान

एका जंगलात, बाळांनो, वाचनालय होतं तेव्हाची ही गोष्ट. नीट मांडी घालून बसा. ज्यांना लाज वाटते त्यांनीही बसा. तेच जास्त लक्ष देऊन ऐकतात.

त्या जंगलात चंपूताई नावाची साळिंदरीण रहस्यकादंबऱ्या लिहायची. तिच्या पुस्तकांत भराभर मुडदे पडायचे. कुणाला विहिरीत ढकललं जायचं, कुणाच्या गळ्याभोवती वेल आवळला जायचा. जंगल खूश होतं.

या वेळी मात्र लिहिता लिहिता काहीतरी वेगळंच झालं. कादंबरीतला गुप्तहेर मुंगूस चौकशीसाठी विधवा खारीच्या ढोलीत गेला आणि निघेचना. चंपूताईने त्याला बाहेर काढून पाहिलं, तर खारीनेच त्याचा हात धरला. मग चंपूताईने दीड पान लिहिलं. दोघांचे श्वास, अंगाची ऊब, सगळं. पाठभर काटे असलेल्या बाईला कुणी जवळ येणं म्हणजे काय, ते तिने पहिल्यांदाच कागदावर उतरवलं होतं.

पुस्तक निघालं. सगळ्यांत आधी आल्या कुमुदिनीबाई, शेजारची सशीण. पिल्लांचा तांडा त्यांनी बाहेरच उभा केला. ती इतकी पिल्लं कशी झाली, ते विचारू नका.

"चंपूताई, आमच्या घरात मुलंबाळं आहेत हो. सातवं प्रकरण वाचून मला दरदरून घाम फुटला."

"मग पुढचं वाचायचं."

"पुढे कशी जाणार? तेच पुन्हा वाचलं. खात्री नको करायला?"

"आणि पाचव्या प्रकरणातला खून? आतडी फांदीवर लटकतात तो?"

"तो मुलांना फार आवडला. जेवताना वाचून दाखवते. पटापट जेवतात."

प्रकाशक होता तात्यासाहेब कोल्हा. तो म्हणाला, "दुसऱ्या आवृत्तीत दिवा मालवा. अंधार झाला की सगळं सभ्य."

चंपूताईने दीड पान खोडलं आणि लिहिलं, 'खारीने दिवा मालवला. सकाळ झाली.'

ती आवृत्ती हातात घेऊन हणमंतराव रानडुक्कर आले. चांगलेच फुरफुरत होते.

"ही फसवणूक आहे. दिवा मालवला ते ठीक. पण सकाळपर्यंत दोघं करत काय होते?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मलाच वाटून घ्यायचं असतं, तर मी पुस्तक कशाला विकत घेतलं असतं?"

शेवटी तात्यासाहेबाने वाचनालयासमोर सभा बोलावली. कुणी म्हणालं, शेपटीला शेपटी लागली तर चालेल, त्यापुढे नको. कुणाला दीड पान कमी पडत होतं. कुमुदिनीबाई आणि हणमंतराव एकमेकांच्या अंगावर धावून गेले. खुनी कोण होता, हे कुणीही विचारलं नाही.

तात्यासाहेब चंपूताईला बाजूला घेऊन म्हणाला, "खारीलाच मारून टाका. ना दिवा, ना सकाळ."

"अहो, ती मुंगसाची वाट बघतेय."

"मग वाट बघताना मारा."

चंपूताईने पुष्कळ दिवस टाळाटाळ केली. घरात दाणा उरला नाही तेव्हा ती लिहायला बसली. मुंगूस ढोलीपाशी पोचतो, तेव्हा खार दारातच पडलेली असते. गळा कापलेला, डोळे उघडे, रक्त खोडावरून ओघळत खाली आलेलं. हेही दीड पान भरलं. लिहिताना चंपूताईला समोरचं दिसेनासं झालं.

तिसरी आवृत्ती हातोहात संपली.

"आता कसं, काहीच झाकून ठेवलं नाही," हणमंतराव म्हणाले.

"घरात ठेवता येईल असं पुस्तक," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

'सहकुटुंब वाचावी अशी कादंबरी' म्हणून वाचनालयाने चंपूताईचा सत्कार केला. शाल पांघरली तशी काट्यांत अडकून टराटरा फाटली. टाळ्या मात्र जोरात पडल्या. चंपूताई घरी आली आणि मुंगसाच्या पुढच्या कादंबरीचा कागद समोर घेऊन बसली. मुंगूस एक शब्द बोलायला तयार नव्हता.

तात्पर्य : कुणाला जवळ घ्यावंसं वाटलं, तर बाळांनो, आधी सगळ्या जंगलाची परवानगी काढा. जीव घ्यायचा असेल तर कुणाला विचारू नका. वर्णन तेवढं सविस्तर करा.